लाटांवर काइट: पायात स्ट्रॅप की मोकळे पाय?

मांद्रेकर

ट्विनटिपचा (काइट म्हणजे मोठ्या पतंगाने ओढला जाणारा, दोन्ही टोकं सारखी असलेला बोर्ड) आता कंटाळा आलाय. दुपारी वारा लागला की इथे गोव्यात मोरजीहून आश्व्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, मध्ये एखादी उडी. चांगली लाट उभी राहिली तरी तिच्या डोक्यावरून घासत पलीकडे जायचं, तिचा उपयोग शून्य. म्हणून सर्फबोर्ड घ्यायचं पक्कं केलंय.

एक जुना बोर्ड बघून ठेवलाय. ५ फूट १० इंच, तीन फिन (तळाची उभी पाती), नाकाला एकदा डागडुजी केलेली, बाकी ठणठणीत. डेकवर, म्हणजे वरच्या बाजूला, स्ट्रॅपचे (पाय अडकवायच्या पट्ट्यांचे) प्लग, म्हणजे स्क्रूची भोकं, आहेत आणि स्ट्रॅपही सोबत मिळताहेत. विकणारा म्हणतो, स्ट्रॅप लाव, नाहीतर पहिल्याच चॉपला (वाऱ्याने उठलेल्या बारीक लाटेला) बोर्ड एकीकडे आणि तू दुसरीकडे. मी जिथे शिकलो तिथला मुलगा म्हणतो, स्ट्रॅप लावलेस तर तू फक्त मोठ्या ट्विनटिपवर उभा राहशील, लाट काही कळायची नाही. दोघंही माझ्याहून कितीतरी चांगले चालवतात, त्यामुळे मी दोघांपुढेही नुसती मान डोलावून आलोय.

माहिती: वजन ७४ किलो. काइट १२ मीटर आणि ९ मीटर (म्हणजे चौरस मीटर). उजवा पाय पुढे. जागा मांद्रे ते मोरजी, दिवस फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात पाण्यात उतरत नाही, कुणी सुचवूही नये.

व्हिडिओंच्या लिंका नकोत, सगळ्या बघून झाल्यात. केप व्हर्देला आणि मॉरिशसला जे चालतं ते हरमलला चालेलच असं नाही. इथल्या पाण्यात असणाऱ्यांनी सांगा.

जुना_ट्विनटिप

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मागे बोर्ड लीशवर (बोर्ड अंगाला बांधायच्या दोरीवर) धागा निघाला होता तेव्हा दोन आयडी कायमचे गेले.

वाराकरी (पुणे, सुट्टी मिळाली की मोरजी)

लाव स्ट्रॅप. डोळे मिटून लाव.

आपल्याकडे वारा म्हणजे समुद्रवारा. दुपारी वायव्येकडून सुरू होतो, तीन ते पाचच्या दरम्यान भरात येतो. फेब्रुवारीत १२ ते १५ नॉट, एप्रिल-मेमध्ये जमीन तापली की त्याहून जास्त. किनाऱ्याला तिरका लागतो, म्हणजे वारा आणि लाट दोन्ही समुद्राकडूनच येणार. केप व्हर्देच्या पोंता प्रेताला वारा जमिनीवरून बाहेर वाहतो, त्यामुळे लाटेची भिंत गुळगुळीत राहते. इथे चार वाजता त्याच भिंतीवर वाऱ्याने उठवलेल्या बारीक लाटा असतात आणि मोकळ्या पायाखाली बोर्ड खडखडत राहतो. स्ट्रॅप असले की बोर्ड पायाबरोबर येतो.

शिवाय बाहेर पडताना बघ. मोरजीच्या बाहेरच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा एकामागून एक फुटत असतात. स्ट्रॅपमधला माणूस गुडघे पोटाशी ओढतो, बोर्ड फेसावरून उचलतो आणि पुढे निघतो. मोकळ्या पायांचा माणूस तिथेच बोर्ड शोधत पोहतो. आणि १२ मीटरवर झोत आला तर टाच रोवायला काहीतरी हवं की नको?

उड्यांचं तर बोलायलाच नको. हाताने रेल (बोर्डाची कड) धरून मोकळ्या पायांनी उडणारे आहेत, पण त्यांची गोष्ट वेगळी.

खारवी_आश्वे

वाराकरी भाऊ, बाहेर कसं जायचं, झोतात कसं उभं राहायचं, उडायचं कसं, एवढं तुम्ही सांगितलंत. लाटेवर गेल्यावर काय करायचं ते त्यात कुठेच नाही.

मांद्रेकर, मी काय बघतो ते सांगतो. लाटेवर पाय एका जागी राहत नाहीत. लाट मऊ असेल तर पुढचा पाय बोटभर पुढे सरकवून वजन नाकाकडे न्यायचं, म्हणजे बोर्ड थांबत नाही. खाली उतरून वळताना मागचा पाय पार फिनवर, टाच मध्यरेषेच्या पलीकडे. वर येऊन परत वळलास की तोच पाय थोडा पुढे. वाऱ्यावर चढताना दोन्ही पाय जवळ. हे सगळं एका लाटेत होतं. स्ट्रॅपवाल्याचे पाय स्क्रू जिथे आहेत तिथेच. बरं, ते स्क्रू बसवणाऱ्याने मोठ्या वाऱ्याचा आणि मोठ्या लाटेचा विचार करून मागे-मागे बसवलेले असतात.

आपली लाट गुडघ्याएवढी, कमरेएवढी. मे महिन्यात नैर्ऋत्येकडून लांबचा उसळा आला तर छातीपर्यंत, तेही महिन्यातून मोजक्या दिवशी. असल्या लाटेत ताकद नसते. शेपटीवर उभा राहिलास की शेपूट पाण्यात बसते, लाट पुढे निघून जाते आणि तुला काइट ओढत नेतो. किनाऱ्यावरच्या लोकांना वाटतं तू लाटेवर आहेस. तुला मात्र कळतं.

शिरोड्याचो_वारो

माझो एकच प्रश्न. स्ट्रॅप नाय आणि बोर्ड गेलो तर काय करूचा? लीश बांधूक नको?

जुना_ट्विनटिप

आला आला, लीशवाला आला.

खारवी_आश्वे

नको. हे हसण्यावारी नेऊ नका, म्हणून नीट लिहितो.

साध्या सर्फिंगमध्ये लीश असते कारण तिथे तुम्हाला ओढणारं काही नसतं. इथे तुम्ही पडल्यावरही काइट ओढतोच. तुम्ही पुढे, बोर्ड मागे फेसात अडकलेला, मध्ये लवचिक दोरी. ती ताणली जाते, बोर्ड फेसातून सुटतो आणि सरळ डोक्याच्या मागे येतो, फिन पुढे करून. येताना दिसतही नाही. म्हणून बहुतेक शाळा शिकवताना बोर्ड लीश लावूच देत नाहीत.

आणि लीशची गरज इथे कमीच. वारा आणि लाटा किनाऱ्याकडे असल्याने सुटलेला बोर्ड किनाऱ्याकडेच सरकतो. तू त्याच्यापेक्षा जास्त वाहून पुढे गेलेला असतोस, तेव्हा काइट खाली एका बाजूला धरायचा, एक हात पाण्यात फिनसारखा रोवायचा आणि अंग ओढत वाऱ्यावर सरकायचं. हे येत नसेल तर सर्फबोर्ड घेऊच नकोस, स्ट्रॅप असोत की नसोत.

फक्त शापोऱ्याच्या मुखाशी ओहोटीला जाऊ नकोस. नदीचं पाणी बाहेर धावतं, बोर्ड त्याच्याबरोबर खोलात जातो आणि तू वाऱ्याखाली वागातोरच्या खडकांकडे. भरती चढती असताना ये. आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असेल तर बोर्डाच्या मागे जाळ्याच्या कुशीत घुसू नका. लांबून वळसा घाला, नाहीतर किनाऱ्यावर जाऊन हाक मारा, कुणीतरी बोर्ड काढून देतं. आमच्या घरच्या रापणीत काइटच्या दोऱ्या गुंतल्या होत्या. सोडवता सोडवता दिवे लागले आणि वर आम्हालाच ऐकून घ्यावं लागलं.

करंझाळ्याचे_काका

मी काइटवाला नव्हे, जुना विंडसर्फर. पण स्ट्रॅप आमच्याकडून तुमच्याकडे आले, म्हणून तोंड घालतो.

सुरुवातीच्या विंडसर्फिंग बोर्डांना स्ट्रॅप नव्हतेच. १९७०च्या दशकाच्या शेवटी हवाईतल्या पोरांनी ते बसवले. का? तर ती पोरं जोराच्या वाऱ्यात लाटेच्या डोक्यावरून उडायला लागली आणि बोर्ड हवेतच पायाखालून निघून जायचा. पुढे १९९०च्या दशकात लेअर्ड हॅमिल्टन आणि त्याच्या सोबत्यांनी माउईच्या पेआहीला पाण्यावरच्या यंत्रांनी ओढून घेऊन राक्षसी लाटा पकडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनीही छोट्या जड बोर्डांना स्ट्रॅप लावले. कारण तेच: एवढ्या वेगात पाण्यावरचा प्रत्येक उंचवटा बोर्ड उडवून देतो.

म्हणजे दोन्ही वेळा स्ट्रॅप आले ते वेगासाठी आणि हवेसाठी. लाटेवर वळण्यासाठी ते कुणी शोधले नाहीत. तुमच्या काइटच्या जागतिक स्पर्धांत आता सर्फबोर्डची जी शाखा आहे ती मोकळ्या पायांचीच आहे ना? केप व्हर्देचा मितू मोंतेरो, त्याच्यानंतरचा एअर्टन कोझोलिनो, हे मोकळ्या पायांनी जे करतात ते बघून आमच्यासारख्यांनी गप्प बसावं.

पण वाराकरी म्हणतो तेही खोटं नाही. मे अखेरीस मळभ दाटून येतं आणि एखाद्या संध्याकाळी वारा सुटतो, तेव्हा मी स्ट्रॅपमध्ये पाय घालूनच बाहेर पडेन. असल्या दिवशी मांद्रेकरने बाहेर पडावं का, हा वेगळा प्रश्न.

वाराकरी

काका, दंडवत. पण एअर्टनचं उदाहरण मांद्रेकरला देणं म्हणजे त्याची फसवणूक आहे. तो माणूस लहानपणापासून पाण्यात आहे. आपण सोमवारी ऑफिसला जाणारे लोक. आपल्याला वर्षातून जे काही दिवस मिळतात ते बोर्ड शोधण्यात घालवायचे का? स्ट्रॅप लावला की पहिल्या दिवसापासून लाटेवर असतो. शैली नंतर येईल.

डॉ_म्हापसा

मी काइट चालवत नाही. घरात एक जण चालवतो, म्हणून रविवार किनाऱ्यावर जातो. लिहिते आहे ती हाडांची डॉक्टर म्हणून.

स्ट्रॅप म्हटलं की सगळे गुडघ्याचं आणि घोट्याचं बोलतात. ते आहेच. मला जास्त काळजी पावलाच्या मधल्या भागाची वाटते. पंजाची लांब हाडं टाचेकडच्या लहान हाडांना जिथे जोडली जातात त्या सांध्याला लिसफ्रांक म्हणतात. ज्याक लिसफ्रांक हा नेपोलियनच्या काळातला फ्रेंच शल्यविशारद. घोड्यावरून पडताना ज्या स्वाराचा पाय रिकिबीत अडकून राहायचा, त्याच्या पावलाच्या दुखापतीशी त्याचं नाव जोडलं गेलं. आता घोडे गेले, पण विंडसर्फर लोकांमध्ये स्ट्रॅपमुळे नेमकी हीच दुखापत होते. पंजा अडकलेला, अंग पडतंय आणि पडता पडता वळतंय.

खूण लक्षात ठेवा. पावलाच्या वरच्या बाजूला मध्यभागी दुखतं, चवड्यावर उभं राहता येत नाही, आणि एक-दोन दिवसांत तळव्याच्या मधोमध काळंनिळं दिसायला लागतं. तळव्यावर असा डाग दिसला तर मुरगळलाय म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी बसू नका. आडवं झोपवून काढलेल्या एक्स-रेत हाडांमधली फट कधीकधी दिसतच नाही. पायावर भार देऊन, उभं करून, दोन्ही पावलांचा काढावा लागतो. उशीर झाला तर पाऊल कायमचं दुखरं राहू शकतं.

स्ट्रॅप लावायचेच असतील तर माप बघा. फार सैल असेल तर पाऊल घोट्यापर्यंत आत सरकतं आणि पडताना बाहेर येत नाही. फार घट्ट असेल तरी तेच. पाऊल अर्ध्यापर्यंत जावं, बोटं पलीकडे दिसावीत, आणि टाच उचलून मागे ओढली की सहज निघावं. हे कोरड्या वाळूत तपासून मग पाण्यात जा. ओला स्ट्रॅप ढिला पडतो, तेव्हा अर्ध्या तासाने परत बघा.

मोकळ्या पायांच्या मंडळींनी खूश होऊ नये. रेल बरगडीवर आणि फिन मांडीत, हे त्यांच्या वाट्याचं. हेल्मेट दोघांनाही.

मांद्रेकर

डॉक्टरताई, फार उपयोगाचं लिहिलंत. वाचनखूण साठवली.

मग मधला मार्ग? फक्त पुढचा स्ट्रॅप ठेवायचा, मागचा पाय मोकळा. बोर्डही जाणार नाही आणि मागचा पाय फिनवर हवा तसा फिरेल. असं चालवणारा एक जण हरमलला पाहिलाय.

डॉ_म्हापसा

माझ्या मते तिन्हीतला हाच सगळ्यात वाईट. दोन्ही पाय अडकलेले असले तर निदान बोर्ड अंगाबरोबर फिरतो. एक अडकलेला आणि एक सुटलेला असला की बोर्ड त्या एकाच पायाभोवती पिळला जातो, आणि तो सगळा पीळ गुडघा आणि पावलावर.

वाराकरी

या बाबतीत ताईंना अनुमोदन. एक तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

जुना_ट्विनटिप

पुणे आणि म्हापसा यांचं एकमत झालं. धागा बंद करा.

करंझाळ्याचे_काका

बंद नको, मुख्य गोष्ट राहिलीच. मांद्रेकर बाब, तुझी माहिती परत वाचली. उजवा पाय पुढे म्हणतोस. या सगळ्या चर्चेत ते कुणीच धरलं नाही.

समुद्राकडे तोंड करून उभा राहा. वायव्येचा वारा तुझ्या उजव्या गालाला लागतो. त्या वाऱ्यात काइटकडे तोंड करून बाहेर जायचं तर उजवा पाय पुढे येतो आणि किनाऱ्याकडे परतताना डावा. लाट आपण परततानाच घेतो. म्हणजे डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला आपल्या किनाऱ्यावर लाट आयती मिळते. तो लाटेवरून खाली उतरतो, उजवीकडे वळतो, वाऱ्याबरोबर दक्षिणेला धावतो आणि लाटेची भिंत सबंध वेळ त्याच्या छातीसमोर असते.

तू मात्र उजवाच पाय पुढे धरून बसलास तर परतताना काइटकडे पाठ, भार बोटांवर आणि लाट पाठीमागे. मान वळवून बघशील तोवर ती फुटलेली.

आता स्ट्रॅप तुझ्या सवयीप्रमाणे लावलेस की काय होतं बघ. बाहेर जाताना एकदम आरामात, जिथे तुला काही करायचंच नाही. आणि लाटेवर येताना उलटा. उलट बाजूने लावलेस तर लाटेवर ठीक, पण बाहेर जाताना त्या फुटणाऱ्या पट्ट्यावरून काइटकडे पाठ करून जायचं. तुझा प्रश्न स्ट्रॅपचा कमी आणि पाय बदलण्याचा जास्त आहे.

मांद्रेकर

काका, हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. ट्विनटिपवर मी दोन्ही बाजूंना टाचेवरच जातो, म्हणजे परतताना डावा पाय आपोआप पुढे असतो. तिथे कधी अडचण वाटली नाही, म्हणून मी तसा विचारच केला नाही.

करंझाळ्याचे_काका

मग तू अर्धा शिकलेलाच आहेस. ज्याला ट्विनटिप येतं त्याला दोन्ही बाजूंना उभं राहता येतं. आता फक्त बोर्ड न वळवता पाय बदलायचे.

वाराकरी

थांबा थांबा. काइटच्या सर्फबोर्डवर स्ट्रॅप मधोमध लावता येतात, एक पुढे आणि एक मागे, कुठल्याही पायाने घालता येतील असे. त्याने आधी प्लगांच्या जागा बघाव्यात. मधोमध प्लग असले तर पाय बदलून परत स्ट्रॅपमध्ये घालता येतात. मी तेच करतो.

खारवी_आश्वे

तुम्ही करता, भाऊ, मी बघितलंय. पण नव्या माणसाचं गणित मांडा. चालत्या बोर्डवर आधी मागचा पाय काढायचा, मग पुढचा, मग दोघांची अदलाबदल, मग पुढचा पाय खाली न बघता स्ट्रॅपमध्ये घालायचा, मग मागचा. तेवढ्या वेळात बोर्ड सपाट ठेवायचा आणि काइट डोक्यावर न नेता वर धरायचा. नवा माणूस खाली बघतो. खाली बघितलं की काइट जिकडे जायचा तिकडे जातो. मोकळ्या डेकवर तेच काम दोन पावलांत होतं: मागचा पाय पुढच्याच्या शेजारी, पुढचा मागे. नजर काइटवर.

आणि दोन्ही बाजूंच्या पोस्टमध्ये काइटचं कुणीच बोललं नाही, ते बोलतो. मोकळ्या पायाखालून बोर्ड का जातो? चॉपमुळे कमी, काइटमुळे जास्त. इथे तिरक्या वाऱ्यात लाटेवरून खाली उतरलास की तू काइटच्या दिशेनेच धावतोस. दोऱ्या सैल पडतात. त्या क्षणी नवा माणूस घाबरून बार (काइटच्या दोऱ्यांचा हातातला दांडा) अंगाशी ओढतो. बार ओढला की काइटला वारा लागत नाही, तो मागे पडतो किंवा पाण्यात बसतो, नाहीतर पुन्हा भरतो आणि एकदम हिसका देतो. तू पुढे उडतोस, बोर्ड मागे राहतो, आणि म्हणतोस स्ट्रॅप हवे होते.

बार सोडायचा. हात लांब करायचे. तीन स्ट्रटचे (हवा भरलेल्या आडव्या नळ्यांचे) लाटेसाठी बनवलेले काइट सैल दोऱ्यांवर वाऱ्याबरोबर वाहत जातात, पडत नाहीत, पण तू त्यांना वाहू दिलंस तर. लाटेवर गेलास की ढकलायचं काम लाटेचं. काइटने फक्त वाटेतून बाजूला राहायचं.

म्हणून पहिले दिवस १२ मीटर घरी ठेव. ज्या वाऱ्यात ट्विनटिपला १२ लावतोस त्यात सर्फबोर्डला ९ पुरेसा पडेल असे दिवस बरेच निघतील, कारण सर्फबोर्डला पाण्यावर तरंगायला ओढ कमी लागते. लहान काइट वळतोही पटकन आणि हिसकाही लहान. ९वर कमी पडतंय असं वाटलं तर त्या दिवशी ट्विनटिप काढ.

शिरोड्याचो_वारो

ह्या बरोबर. आमच्या शिरोड्याक पण पोरां मोठो काइट घेवन येतत आणि मगे स्ट्रॅपाक दोष देतत.

वाराकरी

काइट लहान ठेवण्याबद्दल पूर्ण सहमत. पण त्यातून स्ट्रॅप वाईट ठरत नाहीत. बार सोडायला शिकलेला माणूस स्ट्रॅपमध्येही छान चालवतो. मी चालवतोच.

खारवी_आश्वे

चालवता, नाही कुठे म्हणतो? पण भाऊ, तुमचा हिसका स्ट्रॅप झाकून टाकतो. काइट चुकीचा ओढला तरी तुम्ही बोर्डवरच राहता, त्यामुळे चूक झाली हे कळतच नाही. मोकळ्या पायांना लगेच कळतं, पाण्यात पडून.

जुना_ट्विनटिप

आता कुणीतरी फॉइलचा (बोर्ड पाण्याबाहेर उचलणाऱ्या पाण्याखालच्या पंखाचा) विषय काढेल.

वाराकरी

काढतोच. पॅरिसला २०२४ मध्ये काइट पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला तो फॉइलवर, आणि त्या सगळ्यांच्या पायात स्ट्रॅप होते.

करंझाळ्याचे_काका

शर्यत आहे ती. वेगासाठी स्ट्रॅप, हे मी वर म्हटलंच. अवांतर पुरे.

मांद्रेकर

बोर्ड घेतला. प्लग दोन्ही प्रकारचे आहेत, मधोमधही आणि बाजूलाही. स्ट्रॅप सध्या काढून पिशवीत. काल ९ मीटर घेऊन आश्व्याला गेलो होतो, वारा बेताचाच होता, लाट गुडघ्याएवढी. लाटेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाय बदलताना बहुतेक वेळा पडलो. पण बार सोडून बघितला आणि काइट खरंच पडला नाही, नुसता माझ्याबरोबर खाली सरकत राहिला. एकदा तर मला कळलंच नाही की दोऱ्यांत ताण नाहीये आणि बोर्ड तरी चालतोय.

बोर्ड मात्र डेकवर प्रचंड निसरडा आहे. पुढच्या निम्म्या भागाला पॅड नाही. वॅक्स लावला तर चालेल का? आणि प्लगांच्या भोकांतून पाणी आत जाईल का?

खारवी_आश्वे

वॅक्स आपल्याकडे त्रास देतो. पाणी २८-३० अंश, त्यामुळे गरम पाण्याचाच वॅक्स हवा, थंड पाण्याचा पायाखाली लोण्यासारखा सरकतो. आणि तोही उन्हात ठेवलेल्या बोर्डवर दहा मिनिटांत वितळतो, मग वाळू बसते, मग तुझ्या पोटाची साल निघते. पुढच्या भागालाही पॅडच लाव. आधी जुना वॅक्स खरवडून, अल्कोहोलने पुसून, सावलीत. चिकटवल्यावर एक रात्र पाण्यात नेऊ नको.

वाराकरी

प्लग तळाशी बंद असतात, पाणी सहसा आत जात नाही. पण रिकामे ठेवलेस तर वाळू भरते आणि पुढे स्क्रू फिरत नाहीत. आखूड स्क्रू लावून ठेव, डेकच्या बरोबर बसतील असे, डोकं वर राहिलं तर पाय कापेल. लांब स्क्रू चुकूनही नको, प्लगचा तळ फोडून फोममध्ये जातात आणि मग मात्र पाणी पितो बोर्ड. स्टेनलेस घे, साधे इथल्या हवेत महिन्याभरात गंजतात.

स्ट्रॅप विकू नकोस. मे महिन्यात मागशील.

मांद्रेकर

विकत नाही, काका हवे असतील तर घेऊन जातील म्हणाले होते, त्यांनाही देत नाही. म्हापशाच्या बाजारात स्टेनलेस स्क्रू मिळाले, पण आखूड नव्हते. दुकानदाराने कापून दिले.

वाराकरी

कापलेल्या टोकावर कानस फिरव. आणि बसवताना मशीन नको, हातानेच.